उशिराचे सांगणे

कोकणपट्टीत शिमग्याच्या सोंगात पुरुष लुगडे नेसतो तेव्हा माहुलसारख्या कोळीवाड्याला त्यात वावगे वाटत नाही. १९०५ साली, सतराव्या वर्षी, नारायणराव राजहंस किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. पुढे ह्याच बालगंधर्वांच्या साडीची नक्कल घरंदाज स्त्रियांनी केली. मग सोंगासाठी नव्हे, मनाच्या ओढीने दाराआड साडी नेसणारा इतका का भितो? १९७२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अशा ५०४ पुरुषांच्या पाहणीत निम्म्याहून अधिकांची सुरुवात दहाव्या वर्षाआधीच झालेली दिसते. सांगणे मात्र पुष्कळदा चाळिशी-पन्नाशीत, आईवडील गेल्यावर.

अनुवाद २२:५ ह्या वेषाचा निषेध करते. संत थॉमस अक्वायनस मात्र शत्रूपासून लपण्यासारख्या निकडीत त्याला पाप मानीत नाहीत. मनाची ओढ ही निकड काय, हे ते सांगत नाहीत.

आम्हाला वेषाहून तो मधला काळ अधिक सलतो. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर पत्नीला हे कपाटातल्या गाठोड्यावरून कळावे, हा तिच्यावर अन्यायच. पण आठव्या वर्षी त्याला लपवायला शिकवले कोणी? आपणच, हसून. विवाहपूर्व शिबिरात आम्ही धर्मगुरू वराला नोकरी विचारतो, व्यसन विचारतो. मनात दडवलेले काही आहे काय, हे आम्ही आजवर विचारलेले नाही.