एकाआड एक

लस टोचून घेतलेला माणूस साथीतून वाचला, तर श्रेय लशीचं की नशिबाचं? आणि टोचल्यानंतर दगावला, तर दोष लशीचा की योगायोगाचा? दोन्ही प्रश्नांना एकच कसोटी लावावी लागते, हे आज उघड वाटतं. ती कसोटी घडायला मात्र दोनशेहून अधिक वर्षं लागली, आणि त्यातला मोठा वाटा प्लेगच्या मुंबईने उचलला आहे. मराठी वाचकाला हे ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात मोजणीपासून झाली. १७२० च्या दशकात देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाला टोचण्यावरून लंडनमध्ये कडाक्याचे वाद झडत होते. रॉयल सोसायटीचे सचिव जेम्स ज्युरिन यांनी ठिकठिकाणच्या वैद्यांकडून पत्रांनी आकडे मागवले. टोचलेल्या सुमारे ५० जणांत एक मरत होता; आपसूक देवी आलेल्या सहाएक जणांत एक. मतांची जागा आकड्यांनी घेतली, ही मोठी झेप होती. पण टोचून घेणारे बरेचसे खातेपीते, धडधाकट लोक होते. ते एरवीही वाचले असते का, याचं उत्तर त्या आकड्यांत नव्हतं.

पुढची पायरी मुंबईची. प्लेगची साथ आलेली असताना, १८९६ च्या ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन तिथे आले. जन्म ओडेसाचा, काम पॅरिसच्या पाश्चर संस्थेतलं, आणि हिंदुस्थानात कॉलऱ्याच्या लशीचा तीन वर्षांचा अनुभव गाठीशी. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगचे जंतू मांसाच्या अर्कात वाढवले. अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की जंतूंची वाढ त्या थेंबांना धरून झुंबरासारखी खाली लोंबत असे. मग उष्णतेने ते जंतू मारायचे आणि लस तयार करायची. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा निम्म्याच्या आसपास कैदी टोचून घ्यायला पुढे आले. न टोचलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले, ६ मेले. टोचलेल्यांपैकी दोघं आजारी पडले, मेलं कुणीच नाही. या हिशेबातून टोचण्याच्याच दिवशी लक्षणं दिसलेले वगळले होते. शिवाय पुढे आलेले कैदी आपणहून आलेले होते. म्हणजे ज्युरिन यांच्या आकड्यांतली फट इथेही उरलीच.

ती फट पुढच्याच वर्षी बुजू लागली. १८९८ मध्ये उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना रांगेत बसवलं आणि एकाआड एकाला टोचलं. धडधाकट कोण, भित्रा कोण, हे पाहायचंच नाही. त्याच सुमारास बडोद्याजवळच्या उंढेरा गावात घरोघरी निम्म्या माणसांना टोचलं आणि निम्म्यांना तसंच ठेवलं. छप्पर एक, उंदीर तेच, ताटातलं अन्नही तेच. पुढे ज्या २८ घरांत प्लेग आला, तिथल्या न टोचलेल्या ६४ माणसांपैकी २६ मेली, टोचलेल्या ७१ पैकी ३. एकाच घरातल्या माणसांची एकमेकांशी तुलना केल्यावर नशिबाला फारशी जागा उरत नाही.

ही रीत सगळ्यांनी लगेच उचलली असं नाही. १९०४ मध्ये लंडनचे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी सैनिकांना दिलेल्या विषमज्वराच्या लशीचे आकडे तपासले आणि ते भरवशाचे नाहीत असं सांगितलं. त्यांचीही सूचना तीच होती: इच्छुकांची नोंद करा आणि त्यांतल्या एकाआड एकालाच टोचा. मात्र एकाआड एक या पद्धतीतही चोरवाट आहे. पुढची पाळी कुणाची हे डॉक्टरला आधीच कळतं आणि नकळत त्याचा हात वळतो. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ती चोरवाट बंद केली. रोग्याची वाटणी यादृच्छिक आकड्यांनी ठरली आणि ती बंद पाकिटात ठेवली गेली. १९५४ मध्ये अमेरिकेत साल्क यांच्या पोलिओ लशीची चाचणी झाली, तीत सुमारे १८ लाख मुलं होती. त्यांतल्या एका मोठ्या गटात खरी लस कुणाला आणि नुसतं द्रावण कुणाला, हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं.

इथवर झाली लाभाच्या पुराव्याची गोष्ट. हानीचा पुरावा मात्र बराच काळ मागे राहिला, आणि त्याची किंमत हाफकिन यांनीच मोजली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते, म्हणून बाटलीत विष होतं याबद्दल शंका नव्हती. प्रश्न होता ते शिरलं कुठे. चौकशी आयोगाने बोट मुंबईच्या प्रयोगशाळेकडे दाखवलं आणि हाफकिन यांचं पद गेलं. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, हे कागदोपत्री असूनही त्याला पुरेसं वजन मिळालं नाही. बाटली उघडताना दुर्गंधी आली नव्हती, हेही नोंदलेलं होतं. धनुर्वाताचे जंतू आत आठवडेच्या आठवडे वाढले असते, तर ती यायलाच हवी होती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हे मांडलं. त्यानंतर हाफकिन निर्दोष ठरले, पण उमेदीची पाच वर्षं निघून गेली होती. १९२५ मध्ये मुंबईच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं.

चौकशीत नेमकं चुकलं काय? कारण आणि दोष यांची गल्लत झाली. बाटलीमुळे माणसं मेली हे कारण सिद्ध झालं होतं. ती बाटली कुणाच्या चुकीने नासली हे नव्हे. हा फरक कायद्याने ठळकपणे मांडला तो अर्ध्या शतकानंतर. १९५५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत साल्क लस सर्रास टोचली जाऊ लागली आणि काही दिवसांतच मुलं लुळी पडल्याच्या बातम्या आल्या. तपासनिसांनी कोणत्या मुलाला कोणत्या कंपनीची लस मिळाली ते मांडलं. ज्या हातापायात सुई टोचली होती, लुळेपणा बहुधा तिथूनच सुरू होत होता. रोख कॅलिफोर्नियाच्या कटर प्रयोगशाळेच्या लशीकडे गेला. तिच्या काही साठ्यांत जिवंत विषाणू राहून गेले होते. लस तत्काळ मागे घेतली गेली. १९५८ मध्ये तिथल्या ज्यूरीने निकाल दिला: कंपनीने निष्काळजीपणा केल्याचं सिद्ध झालं नाही, तरी विकलेली लस निर्धोक असल्याची हमी विक्रीतच गृहीत असते, आणि ती मोडल्याबद्दल भरपाई द्यावीच लागेल. जखमेचं कारण एका खात्यात, चुकीचा ठपका दुसऱ्या खात्यात. मलकोवालला हेच हवं होतं.

आज एखादी आई सांगते, लस घेतली आणि आठवड्याने बाळ आजारी पडलं. त्या आईला वेड्यात काढणं हा अन्याय आहे, आणि लगेच लशीला दोषी धरणं हाही. विचारायचं इतकंच: लस न घेतलेल्या तितक्याच बाळांत, तेवढ्याच दिवसांत हे किती वेळा घडतं? हा प्रश्न लशीच्या विरोधकाला जितका बांधतो, तितकाच सरकारला आणि कंपन्यांनाही. हानीच्या नोंदी ठेवणं, त्या खुल्या करणं, आणि इजा झालेल्याला कुणाचा दोष ठरेपर्यंत ताटकळत न ठेवणं हे त्यातूनच येतं.

उमरखाडीच्या रांगेत ज्याची पाळी चुकली, त्याने ती आपणहून चुकवली नव्हती. संमतीचा आजचा अर्थ तेव्हा नव्हता. उंढेऱ्याच्या २६ मृतांचंही तसंच. आपल्या हातातली कसोटी त्यांच्या जिवावर घडली आहे. म्हणून आवडत्या निष्कर्षापुरती ती वापरायची आणि नावडत्यापाशी बाजूला सारायची, हा हक्क आपल्यापैकी कुणालाच नाही.