काटकसर कुणाच्या वाट्याची?

मे महिन्यात रत्नागिरीत गाण्याचा महोत्सव भरवायचा म्हटले, की पहिली अडचण गायकाची येत नाही, खोल्यांची येते. सुट्टीला गावी आलेले चाकरमानी, गणपतीपुळ्याकडे निघालेले पर्यटक आणि हापूसच्या व्यवहारासाठी उतरलेले व्यापारी यांनी शहर भरून गेलेले असते. कोकण रेल्वेच्या आरक्षणाचीही तीच गत. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, म्हणजे मे महिन्याची तिकिटे मार्चमध्ये खुली होतात आणि बघता बघता प्रतीक्षायादी लागते. गायक, तबलजी, पेटीवाला, तानपुऱ्यावर बसणारे दोन शिष्य आणि दोन तानपुरे एवढा लवाजमा मग मोटारीने आणावा लागतो. मुंबईपासून हे अंतर सुमारे ३३० किलोमीटर, आणि भाडे हंगामातले.

रत्नागिरीत आर्ट सर्कल ही संस्था थिबा राजवाड्याच्या आवारात दरवर्षी कला-संगीत महोत्सव भरवते, तो जानेवारीत. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला हा वाडा १९१० च्या सुमारास तयार झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. आज त्या वास्तूची दर्शनी बाजू हेच रंगमंचाचे नेपथ्य होते. जानेवारीचे फायदे उघड आहेत. पावसाचे भय नाही, छप्पर लागत नाही, वातानुकूलन लागत नाही. रात्री थोडी थंडी पडते, तिच्यासाठी श्रोते घरून शाल आणतात. महोत्सवाचा निम्मा खर्च तारीख ठरवतानाच ठरून जातो, ही गोष्ट आयोजकांच्या बैठकांमध्ये फार उशिरा लक्षात घेतली जाते.

उन्हाळ्यात हे गणित उलटे फिरते. कोकणातला मे महिना नुसता गरम नसतो, दमट असतो. दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते, स्वर उतरतो, आणि हातोडी घेऊन पुन्हा पुन्हा मिळवत बसावे लागते. उघड्यावर मांडव घालावा तर वळवाची धास्ती. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून पुढे सरकले, तेव्हा झाडावरचा आंबाही वाचला नाही, कापडी मांडवाची काय कथा. म्हणून आयोजक बंद सभागृहाकडे वळतो आणि तिथे भाडे, वातानुकूलन, वीज गेल्यास जनरेटर अशी खर्चाची चढण सुरू होते.

तरीही उन्हाळ्यातला महोत्सव ही कल्पना टाकून देण्यासारखी नाही. एरवी मुंबई-पुण्यात विखुरलेले कोकण याच दिवसांत घरी असते. मुले मोकळी असतात. चैत्रातल्या रामनवमीच्या उत्सवात गावोगावच्या देवळांत कीर्तने रंगतात, ती शतकभराहून जुनी वहिवाट आहे, आणि तिचा खर्च कुणालाही कधी डोईजड झालेला नाही. कीर्तनकारबुवा यजमानाच्या घरी उतरतात. जेवणाच्या पंगती वाटून घेतलेल्या असतात. तबला-पेटीची साथ गावातला किंवा शेजारच्या गावातला माणूस करतो. बुवांची बिदागी आरतीच्या ताटातून आणि उत्सवाच्या वर्गणीतून निघते. या व्यवस्थेत काटकसर आहे, पण ती सगळ्यांनी मिळून केलेली आहे. यजमान आपली खोली देतो, कीर्तनकार हॉटेलचा आग्रह सोडतो, श्रोता सतरंजीवर बसतो.

उन्हाळी संगीत महोत्सवाचा देशातला एक मोठा नमुना वाराणसीला आहे. संकटमोचन मंदिरातला संगीत समारोह १९२३ पासून हनुमान जयंतीच्या सुमारास, म्हणजे ऐन एप्रिलमध्ये भरतो. उत्तर प्रदेशातला एप्रिल काय असतो हे तिथे गेलेल्यांना ठाऊक आहे. पण समारोह संध्याकाळी सुरू होतो आणि रात्रभर चालतो, त्यामुळे उन्हाचा प्रश्न घड्याळानेच सुटतो. प्रवेशाला तिकीट नाही. कलावंत मानधन घेत नाहीत. पंडित जसराज वर्षानुवर्षे तिथे गात राहिले, आणि २०१५ मध्ये पाकिस्तानातून गुलाम अली आले तेही हनुमानापुढे हजेरी लावायला.

महाराष्ट्रात असेच ठिकाण मिरजेला आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. तिथल्या उरुसात दरवर्षी गायक-वादक येतात आणि बिदागीची अपेक्षा न ठेवता हजेरी लावतात.

हे दाखले आयोजकांना फार आवडतात. निधी कमी पडला की 'सेवा म्हणून या' असा निरोप जातो. इथे मात्र थांबून विचार करायला हवा. मिरजेत किंवा वाराणसीत विनामूल्य गाणारा कलावंत आपल्या इच्छेने देवापुढे किंवा गुरूपुढे काही ठेवत असतो, आणि तिथे त्याच्याइतकाच मोठा दुसरा कलावंतही तेच ठेवत असतो. ज्या कार्यक्रमात मांडववाला पूर्ण पैसे घेतो, ध्वनियंत्रणेचा ठेकेदार आगाऊ घेतो, फलक छापणारा उधार ठेवत नाही आणि फक्त तबलजीला सेवेची आठवण करून दिली जाते, तिथे सेवा उरत नाही. तिथे सर्वांत दुबळ्या माणसाकडून वसूल केलेली सूट असते. मुख्य गायकाला नाव मिळते, पुढची आमंत्रणे मिळतात. साथीदाराच्या हाती त्या रात्रीच्या पाकिटापलीकडे फारसे काही पडत नाही. पैसे वाचवायचे म्हणून त्या पाकिटाला हात लावणे ही काटकसरीची सर्वांत वाईट रीत आहे, आणि दुर्दैवाने ती सर्वांत सोपीही आहे.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात याचा एक बोलका पुरावा आहे. गंधर्व नाटक मंडळी १९२१ च्या सुमारास कर्जात आकंठ बुडालेली होती. त्याच वर्षी ८ जुलैला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा संयुक्त 'मानापमान' झाला. एका प्रयोगातून हजारो रुपये उभे राहिले, आणि ते सगळे फंडाला गेले. बालगंधर्वांच्या कर्जाची कारणे सांगताना भरजरी शालू, खरी अत्तरे, उंची गालिचे यांची यादी नेहमी दिली जाते. पण याच मंडळीत पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते, हे सांगताना मात्र कुणी त्याला उधळपट्टी म्हणत नाही. योग्यच आहे. गालिचे विटले, अत्तर उडून गेले. थिरकवांच्या साथीने गाण्याला जे मिळाले ते ध्वनिमुद्रिकांतून आजही ऐकू येते. एकाच जमाखर्चात दोन प्रकारचे खर्च होते आणि कात्री कुठे लावायला हवी होती ते शंभर वर्षांनंतर सहज दिसते. आजच्या महोत्सवांतले गालिचे म्हणजे फुलांच्या कमानी, एलईडीचे प्रचंड पडदे, पाहुण्यांचे सत्कार, शाली आणि स्मृतिचिन्हे. सत्कारांत पाऊण तास जातो तो वेगळाच.

वेळेचा हिशेब पैशाच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा आहे. पुण्यात पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळाचा हा महोत्सव कितीतरी वर्षे रात्री सुरू होऊन पहाटे संपत असे. एका रात्रीच्या भाड्यात अनेक कलावंतांचे गाणे व्हायचे, आणि पहाटेचे राग पहाटे ऐकायला मिळायचे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद झाला. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, त्यापुढे नाही. शेजाऱ्यांच्या झोपेसाठी हा नियम हवाच होता. पण रात्रीत मावणारे गाणे त्यामुळे अधिक दिवसांवर पसरले, आणि दिवस वाढला की मांडवाचे, खुर्च्यांचे, पहाऱ्याचे, मुक्कामाचे भाडेही वाढते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी यावर एक साधा उपाय आहे, तो म्हणजे सकाळ. पहाटे ६ ते ९ या वेळात उन्हाळाही सुसह्य असतो, ध्वनिक्षेपकाला बंदी नसते, आणि तोडी, भैरव, जौनपुरी हे मैफलींतून हद्दपार होत चाललेले राग गाता येतात. दोनशे श्रोत्यांच्या सभामंडपात आणि चांगल्या बांधणीच्या देवळात तर ध्वनिवर्धकाची फारशी गरजही पडत नाही.

श्रोत्याकडून किती घ्यावे, हाही जुना प्रश्न. लंडनमध्ये रॉबर्ट न्यूमन या व्यवस्थापकाने १० ऑगस्ट १८९५ ला क्वीन्स हॉलमध्ये उन्हाळी मैफली सुरू केल्या. आज त्या 'प्रॉम्स' म्हणून ओळखल्या जातात. उभे राहून ऐकणाऱ्यासाठी तिकीट होते एक शिलिंग. खुर्च्या काढल्या की माणसे जास्त मावतात आणि तिकीट स्वस्त होते, हा त्यातला सरळ हिशेब. न्यूमनचे स्वतःचे दिवाळे १९०२ मध्ये निघाले, तरी मैफली टिकल्या. १९२७ मध्ये त्यांची जबाबदारी बीबीसीने घेतली, आणि स्वस्त उभ्या तिकिटांची प्रथा अजून चालू आहे. सवाई गंधर्वमधली भारतीय बैठक हे त्याचेच आपले रूप. खुर्चीवाल्याने जास्त द्यावे, सतरंजीवाल्याने कमी, आणि दोघांच्या कानावर तेच गाणे पडावे. विनामूल्य प्रवेशापेक्षा ही रीत लहान गावाला अधिक मानवते, कारण विनामूल्य कार्यक्रम शेवटी प्रायोजकाचा होतो आणि प्रायोजकाला पडद्यावर आपले नाव हवे असते.

करांचे नियमही या आकाराच्या महोत्सवाला अनुकूल आहेत, हे अनेक हौशी संस्थांना माहीत नसते. शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणासाठी कलावंताचे मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, आणि माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटालाही २०१८ पासून सूट आहे. चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाला हक्कदारांचे परवाने लागतात. देवल, खाडिलकर यांची पदे मात्र लेखकाच्या मृत्यूनंतरच्या ६० वर्षांची मुदत उलटल्याने मोकळी आहेत. खाडिलकर १९४८ मध्ये गेले. संगीत नाटकाचे प्रयोग आणि मासिक सभा नेटाने चालवणारी 'खल्वायन'सारखी संस्था ज्या शहरात आहे, तिथे नाट्यसंगीताची सकाळ बाहेरून कुणालाही न बोलावता उभी राहू शकते.

बाहेरचा कलावंत बोलवायचाच तर त्याला एका गावासाठी बोलावणे हीच मोठी उधळपट्टी ठरते. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी ही गावे एकाच महामार्गाच्या आसपास आहेत. चार गावांतल्या संस्थांनी एकाच आठवड्यातले लागोपाठचे दिवस घेतले, तर मुंबईहून येण्या-जाण्याचा खर्च चौघांत वाटला जातो आणि कलावंताला एका कार्यक्रमाऐवजी चार मिळतात. १९७७ मध्ये किरण सेठ यांनी सुरू केलेल्या स्पिक मॅकेने शाळा-महाविद्यालयांसाठी अशाच साखळ्या बांधल्या. मोठे कलावंत त्यांच्यासाठी कमी मानधनात येतात, साधेपणाने राहतात, आणि पुढच्या गावी जातात. साथीदार मुंबईहूनच हवेत असेही नाही. कोल्हापूर आंबा घाटातून सुमारे १३० किलोमीटरवर, गोवा दुसऱ्या दिशेला, आणि दोन्हीकडे तबला-संवादिनीची उत्तम परंपरा. तानपुरे मिरजेचे, ज्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

या सगळ्यात एक अडचण उरते, तिच्याकडे डोळेझाक करता येणार नाही. चार गावांनी मिळून तारखा ठरवायच्या म्हणजे चार अध्यक्ष, चार उद्घाटक आणि चार नावांच्या पाट्या. कुणी पहिली तारीख घ्यायची, शनिवार कुणाचा, यावर बोलणी फिसकटण्याची शक्यता पैशाच्या चणचणीपेक्षा जास्त आहे. ती बैठक उन्हाळा लागायच्या आधी, दिवाळीनंतर लगेच व्हायला हवी, कारण मार्चमध्ये रेल्वेचे आरक्षण खुले होईल तेव्हा कोण कुठल्या गाडीने येणार हे ठरलेले असले पाहिजे. त्या बैठकीत जमाखर्चाचा कागद पुढे येईल तेव्हा त्यावर तबलजी, पेटीवाला आणि तानपुऱ्यावरची मुले यांचे आकडे आधी लिहिले जावेत, आणि मांडव, फलक, सत्कार यांच्यासाठी जे शिल्लक राहील त्यात ते बसवावेत.