मिश्रीच्या डबीचा जाब कोणाला?

नशा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईतील एखादी अंधारी गल्ली येते. धरमतर खाडीकाठच्या, पेण-रोह्याच्या सालस घरांत तिचा शिरकाव कसा होईल? परंतु तंबाखू भाजून केलेली मिश्री आजीच्या डबीतून नातीच्या हिरडीपर्यंत पोहोचते, तेव्हा तिला कोणी व्यसन म्हणत नाही. ती दात घासण्याची वस्तू ठरते. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातील १३ ते १५ वयाच्या विद्यार्थिनींपैकी ७.४ टक्के तंबाखूचे सेवन करताना आढळल्या, मुलगे ९.६ टक्के. अंतर आपण समजतो तेवढे नाही.

मुलगी तिकडे का वळते? दहावीचे गुण, चुलतबहिणीशी होणारी तुलना, आखातात नोकरीला असलेले वडील आणि सारी चिंता एकटीने वाहणारी आई, शाळेत पसरलेली कुजबुज. यांतले काही घरात बोलावे, तर उत्तर ठरलेले: "लोक काय म्हणतील?" मग चिमूटभर मिश्रीने डोके हलके वाटते. खरे तर निकोटिनचा अंमल उतरल्यावर जी तगमग सुरू होते, तीच पुढची चिमूट शमविते. मूळ ताण तिथेच राहतो, त्यावर आणखी एक चढतो.

वयात आलेली मुलगी शरीअतनुसार आपल्या कर्मांना स्वतः उत्तरदायी आहे, हे खरेच. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, ही कुरआनची (२:१९५) ताकीद तिलाही लागू आहे. पण तेवढ्याने आईवडिलांची सुटका होते काय? प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. तिच्या कृतीचा हिशेब तिच्याकडे, तिला एकटे पाडल्याचा आपल्याकडे. तंबाखू मकरूह की हराम, यावर उलेमांत मतभेद आहेत. आपण तो वाद रंगवतो आणि मुलीशी बोलायचे राहून जाते.

ह. फातिमा (रजि.) आल्या की प्रेषित (स.) उठून उभे राहत, त्यांना आपल्या जागी बसवीत. आपली लेक शाळेतून येते तेव्हा आपण मोबाइलवरून मान तरी वर करतो का?

डबी सापडली तर आरडाओरड नको. शाळा सोडवून घरी बसविणे तर मुळीच नको. आधी ती डबी घरात कोणाची होती, ते पाहावे. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. उपचार घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. आणि आजीलाही सोबत घ्यावे. मिश्री सोडायची तर दोघींनी एकाच दिवशी सोडावी.