अकरा महिन्यांत बारावे भाडे

वांद्रे पश्चिमेला भाड्याने घर घेऊ पाहणाऱ्याने एक हिशेब कागदावर मांडून बघावा. वन बीएचकेचे भाडे समजा महिना ७०,००० रुपये, डिपॉझिट ३ लाख, करार ११ महिन्यांचा. सरकारचे मुद्रांक शुल्क पाव टक्का, तेही एकूण भाडे आणि डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर. म्हणजे साधारण २,००० रुपये. नोंदणी फी १,०००. आणि दलाली एक महिन्याचे भाडे, ७०,०००. एजंटाची जीएसटी नोंदणी असेल तर वर १८ टक्के. कराराला कायद्याचे बळ देण्यासाठी ३,००० आणि कुलूप उघडून घर दाखवण्यासाठी ७०,०००. राहायचे अकरा महिने, मोजायचे बारा महिन्यांचे भाडे. मुदत संपल्यावर त्याच घरात, त्याच मालकाशी नवा करार केला तरी एजंट पुन्हा निम्मे भाडे मागायला येतो. त्या वेळी त्याने ना घर शोधलेले असते, ना माणूस.

घर कुठे रिकामे आहे ही माहिती दुर्मिळ होती तोवर या दराला काही अर्थ होता. आता ती तशी राहिलेली नाही. दलालाशिवाय घर देऊ म्हणणारी नोब्रोकर कंपनी २०१४ साली निघाली, आज प्रत्येकाच्या फोनवर फ्लॅटचे फोटो आणि व्हिडिओ येऊन पडतात. तरी वांद्र्यातला दर हललेला नाही. मालकाचा म्हणून दिलेल्या नंबरवर फोन करावा, तर पलीकडून बहुतेक वेळा एजंटच बोलतो. माहिती फुकट झाली आणि दलाली तशीच राहिली, याचा अर्थ दलाली माहितीसाठी नव्हतीच. ती हमीची किंमत आहे. अनोळखी माणूस घर वेळेवर सोडील, भाडे देईल, शेजाऱ्यांशी भांडणार नाही, याबद्दल कुणीतरी मध्ये उभे राहण्याची. ती हमी लागते मालकाला आणि पैसे मोजतो भाडेकरू. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीबद्दल आहे.

मालकाची भीती खोटी नाही, तिला इतिहास आहे. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला बाहेर काढणे जवळपास अशक्य झाले. मग पागडी, म्हणजे ताबा देताना घेतली जाणारी एकरकमी रक्कम, आली आणि लिव्ह अँड लायसन्सची पळवाटही आली : राहणारा हा भाडेकरू नाहीच, मालकाच्या परवानगीने काही दिवस आत आलेला माणूस आहे. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्या दिवशी ज्यांचे घर दुसऱ्याच्या ताब्यात होते, त्यांतल्या कित्येकांनी पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. 'घराला कुलूप लावू, पण परक्याला देणार नाही' हे वाक्य मुंबईत तेव्हापासून मुलांनी आईवडिलांच्या तोंडून ऐकलेले आहे.

पण तो कायदा आता नाही. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडले नाही, तर मालकाला दुप्पट रकमेचा दावा करता येतो आणि ताब्यासाठी वेगळी, जलद प्रक्रिया आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. हल्ली लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन माणूस घरी येतो, आधारशी ठसा जुळतो आणि अर्ध्या तासात काम उरकते. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते. अकरा महिन्यांची सक्तीही कुठे नाही. ६० महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला पाव टक्क्याचाच दर आहे. कायद्याने मालकाची जी भीती बरीचशी दूर केली, ती दलालीच्या व्यवहारात मात्र १९७३ सालातच अडकून पडली आहे.

या शहराने बिनदलालीची हमीही पाहिलेली आहे. गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या पोराला गावचे नाव सांगितले की वळकटी टाकायला जागा मिळे. गोव्याच्या माणसांचे धोबीतलावाच्या बाजूला कूड, म्हणजे सामायिक निवास, होते, गावागावाचे वेगळे. वांद्र्यात १९१८ साली सॉल्सेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. पुढे वांद्रे पूर्वेला लेखकांनी एकत्र येऊन साहित्य सहवास उभे केले. गाव, धर्म, पेशा यांपैकी काहीतरी तुमच्यासाठी हमी राही आणि त्याचे पैसे पडत नसत. मला या व्यवस्थांबद्दल आदर आहे, पण त्यांची आठवण काढून हळहळण्यात अर्थ नाही, कारण त्यांचे दार ठरावीक माणसांसाठीच उघडे होते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोरोॲस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा सोसायटीचा अधिकार मान्य केला. ज्याला असे कुठलेच आपले माणूस नाही, तो दलालाकडे जातो. गावकी जी ओळख फुकट देई, ती परक्याला विकत घ्यावी लागते.

गेल्या वर्षी माझ्या भाचीसाठी आम्ही रणवार, चिंबई, शेर्ली या गावठाणांतून पायी फिरलो. तिची नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात, तेव्हा वांद्रे सोयीचे. रणवारमध्ये बाहेरून लाकडी जिना असलेल्या एका जुन्या घराच्या ओट्यावर मालकीणबाई बसल्या होत्या. वरची खोली रिकामी आहे हे आम्हाला शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनने सांगितले होते. बाईंनी आम्हाला बसवले, पाणी दिले. मुलगी कुठली, काम काय, रात्री किती वाजता परतणार, घरी कोण कोण असते, सगळे विचारले. मासे खातेस ना, हेही विचारले आणि 'हो' ऐकून खूश झाल्या. खोली पसंत, माणूस पसंत. तरी शेवटी म्हणाल्या, "एजंटला फोन करा. तोच सगळं करतो." आम्ही समोर बसलेलो असताना एजंट कशाला, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "उद्या काही झालं तर मी कोणाला बोलावू?"

त्या एकट्या राहत होत्या, मुले परदेशात. त्यांना कराराचा मसुदा करणारे, अंगठ्याचे यंत्र आणणारे, महिना अखेरीला भाडे आले नाही तर फोन करणारे कुणीतरी हवे होते. ते काम खरे आहे आणि त्याचा मोबदलाही मिळायला हवा. उन्हातान्हात स्कूटरवर वीस घरे दाखवून एकही सौदा न जमलेला एजंट मी पाहिला आहे, त्याच्या पोटावर पाय द्यावा असे मी म्हणत नाही. पण तो एजंट बाईंचा माणूस होता. बाईंना त्याचा एक पैसा पडत नव्हता. बावीस-पंचवीस वर्षांच्या, डिपॉझिटसाठी वडिलांची एफडी मोडायला लावणाऱ्या मुलीने तो द्यायचा होता.

बरे, एवढे पैसे घेऊन हा माणूस दार उघडतोच असेही नाही. बॅचलर नको, मांसाहारी नको, मुसलमान नको, हे मालक किंवा कमिटी स्वतःच्या तोंडाने क्वचित म्हणते. ते एजंट म्हणतो, तेही 'सोसायटी चालवून घेत नाही' अशा गोल शब्दांत. खरे तर आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट लायसन्सवर देताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आगाऊ सूचना आणि कागदपत्रे पुरतात. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते त्या बिनभोगवटा शुल्कालाही सेवाशुल्काच्या १० टक्के एवढी मर्यादा आहे. पण नकार असा तोंडी आणि परभारे दिला की जाब कुणाला विचारणार? भेदभावाचे काम परस्पर उरकून घेण्याची ही सोय आहे आणि तिचा खर्चही भाडेकरूच उचलतो.

खर्च दुसऱ्या बाजूवर टाकणे अशक्य आहे का? वांद्र्यातच त्याचे उत्तर आहे. जुनी इमारत पुनर्विकासाला जाते, तेव्हा सभासद बिल्डरशी एकत्र बसून करार करतात. त्यात दोन-तीन वर्षांचे भाडे, सामान हलवण्याचा खर्च आणि दलाली, हे सगळे बिल्डरने द्यायचे असे लिहून घेतात. जिथे लोक एकजुटीने बोलतात, तिथे ज्याच्यामुळे घर शोधावे लागते त्याच्याच माथी दलाली येते. एकटादुकटा भाडेकरू बोलला तर त्याला सांगतात, 'नाही तर दुसरे बघा.' म्हणून इथे कायदा हवा. जर्मनीने २०१५ पासून, जो दलाल नेमतो त्यानेच पैसे द्यायचे असा नियम केला. इंग्लंडने १ जून २०१९ पासून भाडेकरूकडून एजंटची फी घेणे बंद केले. न्यूयॉर्कसारख्या, घरांची मारामार असलेल्या शहरानेही जून २०२५ पासून तेच केले. आपल्याकडे घरबांधणी व्यवसायावर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा २०१६चा. त्याखालच्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाने एजंटांना नोंदणी आणि आता परीक्षाही लावली आहे, पण या कायद्यातली एजंटाची व्याख्या विक्रीपुरतीच आहे. घर विकणारा एजंट नियमात आला, भाड्याने देणारा मोकळाच राहिला. त्याचा दर, त्याची पावती, त्याची जबाबदारी कुठेच लिहिलेली नाही.

ही दुरुस्ती राज्य सरकारने करावी. नेमणाऱ्याने पैसे द्यावेत, दर लेखी असावा, नूतनीकरणाची दलाली बंद व्हावी. माझी खात्री आहे की मालकाला स्वतःच्या खिशातून पैसे द्यावे लागले, की एजंटाचे दर आपोआप उतरतील, कारण मालक घासाघीस करू शकतो. भाडेकरूला ती मुभा नसते.

तोवर एक विनंती, आणि ती हे वाचणाऱ्या घरमालकांना आहे. तुमचा वांद्र्यातला, मुलुंडमधला किंवा बोरिवलीतला फ्लॅट या दिवाळीनंतर रिकामा होणार असेल, तर सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एक चिठ्ठी लावा आणि सेक्रेटरींना रिकाम्या घरांची वही ठेवायला सांगा. करार ११ ऐवजी ३३ किंवा ३६ महिन्यांचा करा आणि स्वतः नोंदवा. एवढे करूनही एजंट लागलाच तर जरूर नेमा, पण त्याचे पैसे तुम्ही द्या.