अल्पमताची साक्ष

कायद्याच्या चौकटीत बसणारी प्रत्येक गोष्ट न्याय्य असते का?

फ्रँक मर्फी (१८९०-१९४९) हे अमेरिकेतील हार्बर बीच या लहान गावात वकिली करणाऱ्या आयरिश वंशाच्या गृहस्थांचे चिरंजीव. तेही वकील झाले आणि १९४० साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. युद्धकाळात सुमारे १,२०,००० जपानी वंशीयांना खटल्याविना छावण्यांत डांबण्यात आले. १९४३ मध्ये त्यांच्यावरील संचारबंदी मर्फींनी नाराजीने का होईना, मान्य केली. १९४४ मध्ये फ्रेड कोरेमात्सू यांच्या खटल्यात मात्र हद्दपारीचा हुकूम सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरला, तेव्हा हा वंशद्वेष आहे, असे त्यांनी विरोधी निकालपत्रात बजावले. कोरेमात्सू हरले, पण अन्यायावर एकमताची मोहर उमटली नाही. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने तो निकाल चुकीचा होता, असे म्हटले. निकाल संख्येने लागतो. इन्साफ मोजक्यांच्या साक्षीवरही जिवंत राहतो.