न दिलेली ओ

जूनमध्ये आमच्या गॅलरीतल्या मधुमालतीत बुलबुलानं घरटं केलं. "अहो, इकडे या ना जरा, पिल्लांनी डोळे उघडलेत," हिनं हाक मारली. मोबाइलमधून मान वर न करता मी "हं" म्हटलं. दुसऱ्या दिवशीही "हं"च. पुढच्या आठवड्यात पिल्लं उडून गेली. मी ती पाहिलीच नाहीत.

लग्नाला 26 वर्षं झाली. मोठी भांडणं नाहीत, व्यसन नाही, पगार घरात देतो. एवढ्यावर मी स्वतःला चांगला नवरा ठरवून मोकळा झालो होतो. सुरुवातीची ओढ विरायचीच, मागे समजूतदारपणा उरतो, असं मित्रांना सांगायचो. मानसशास्त्रज्ञ बियांका अ‍ॅसिवेडो आणि आर्थर एरन यांच्या 2012 सालच्या अभ्यासानं ही सबब काढून घेतली. सरासरी 21 वर्षं संसार झालेली, अजूनही उत्कट प्रेम आहे म्हणणारी 17 माणसं त्यांनी घेतली. जोडीदाराचा फोटो पाहताना त्यांच्या मेंदूतली, नव्या प्रेमात चेतणारी डोपामिनची केंद्रं चेतली. माणसं मोजकी होती, मान्य. तरी ओढ विरायचीच असते, असं मला आता म्हणता येत नाही.

मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत नवविवाहित जोडप्यांचं साधं बोलणं टिपलं. सहा वर्षांनी ज्यांचे संसार टिकले होते त्यांनी एकमेकांच्या हाकेला 100 पैकी 86 वेळा ओ दिली होती. ज्यांचे मोडले त्यांनी 33 वेळा. हाक म्हणजे एवढंच, 'हे बघ', 'ऐकलंस का?'

माझा आकडा किती? ऑफिसात साहेबांनी नुसतं नाव घेतलं तरी मी खुर्चीतून उठतो. म्हणजे लक्ष देणं मला जमतं. हिला दिलं नाही, कारण ही कुठे जाणार नाही याची खात्री होती. त्या खात्रीलाच मी इतकी वर्षं विश्वास म्हणत आलो.

परवा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ही बहिणीशी फोनवर बोलत होती. पिल्लू कठड्यावर कसं धडपडत बसलं, आईनं समोरच्या तारेवरून त्याला कसं बोलावलं, सगळं रंगून सांगत होती. मी दिसताच तिचा आवाज खाली आला. पिल्लू उडालं त्या दिवशी तिनं मला हाक मारलीच नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं.

माफी अजून मागितलेली नाही. आज जेवणं झाली की मागणार आहे.