देवमाशाची क्षमा

ज्या महाकाय जलचराला मराठीने ‘देवमासा’ म्हटले, त्याच्याच एका जातीला एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन शिकारी ‘सैतानी मासा’ म्हणत. ही जात म्हणजे पॅसिफिक महासागरातील करडा देवमासा. वस्तुतः तो मासा नव्हेच. हवेत श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा तो सस्तन प्राणी आहे.

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर काही उथळ, निवांत खाड्या आहेत. उत्तर ध्रुवाकडील थंड समुद्रातून हजारो किलोमीटर पोहत या माद्या हिवाळ्यात तेथे येतात व पिलांना जन्म देतात. १८५७ साली कप्तान चार्ल्स स्कॅमन याने त्यांपैकी एका खाडीत आपले गलबत घातले आणि त्याच्यामागून शिकाऱ्यांची रीघ लागली. बंदिस्त पाण्यात पिलांसह अडकलेल्या माद्या त्वेषाने झुंजत, शेपटीच्या तडाख्याने होड्या फोडत. मातेच्या या धडपडीलाच माणसाने ‘सैतानी’ ठरवले! पुढे विसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय करारांनी संरक्षण दिले, तोवर ही जात नष्ट होण्याच्या काठावर पोहोचली होती.

संत इग्नेशियस यांचे नाव धारण करणाऱ्या सान इग्नासियो खाडीतील कोळीही या प्राण्याला भिऊन असत. १९७२ साली फ्रान्सिस्को मायोराल या कोळ्याच्या होडीजवळ एक देवमासा आला आणि तेथून हलेना. अखेर भीत भीत त्याने हात पुढे केला व त्या ओल्या त्वचेला स्पर्श केला. आज दर हिवाळ्यात देशोदेशींचे लोक लहान होड्यांतून तेथे जातात. क्षितिजावर उच्छ्वासाचे फवारे दिसतात. एखादे डोके पाण्याबाहेर सरळ उभे राहून भोवताल न्याहाळते. पाठलाग करण्यास मनाई आहे. होडीने थांबायचे, यायचे की नाही ते देवमाशाने ठरवायचे. पुष्कळदा माता स्वतः पिलाला घेऊन होडीपाशी येते. माणसे हात लावतात, हसतात. काहींना रडू कोसळते. ‘त्यांनी आपल्याला क्षमा केली,’ असे अनेकजण म्हणतात.

खरोखर ही क्षमा आहे काय?

ज्याच्यावर अन्याय झाला, तोच क्षमा करू शकतो. ज्या मातांची पिले भाल्यांनी टिपली गेली, त्या केव्हाच मरून गेल्या. आज होडीपाशी येणाऱ्या पिलाला तो इतिहास ठाऊक नाही. त्याच्या येण्यात कुतूहल असेल, खेळकरपणा असेल. पण त्याला क्षमा म्हणणे म्हणजे आपणच आपल्याला पापमुक्त करून घेणे होय. पश्चात्ताप नाही, प्रायश्चित्त नाही, आणि क्षमा मात्र हाती! इतकी स्वस्त क्षमा कोणत्याही सद्सद्विवेकबुद्धीला मानवू नये.

मग त्या स्पर्शाला काय म्हणावे? तो विश्वास आहे. क्षमा मागील हिशेब मिटवते. विश्वास पुढील जबाबदारी सोपवतो. या भागातील काहींनी ती ओळखली. सान इग्नासियोच्या काठी मीठ तयार करण्याचा प्रचंड प्रकल्प मेक्सिको सरकार व मित्सुबिशी कंपनी यांनी योजला होता. त्याला तीव्र विरोध झाला आणि २००० साली राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांनी तो रद्द केला. हे खरे प्रायश्चित्त. त्यात काहीतरी सोडावे लागले.

परंतु प्रायश्चित्त तेथे संपत नाही. २०१६ च्या सुमारास या किनाऱ्याच्या करड्या देवमाशांची संख्या सुमारे २७,००० होती. २०२३ पर्यंत ती जवळजवळ निम्म्यावर आली. तापत्या ध्रुवीय समुद्रातील बदलांमुळे त्यांचे अन्न घटले, हे त्याचे प्रमुख कारण शास्त्रज्ञ मानतात. खाडीत प्रेमाने पुढे केलेला आपला हात पिलाला दिसतो. पण आपल्या चुली, गाड्या व कारखाने यांच्या धुरातून तोच हात दूर ध्रुवापर्यंत जाऊन त्याच्या मातेच्या तोंडचा घास काढून घेतो, तो त्याला दिसत नाही. आपल्याला मात्र तो दिसायला हवा.

देव म्हणून हात जोडले की काम भागते; सैतान म्हणून भाला उचलला की मन बोचत नाही. दोन्ही नावे माणसाला सोयीची आहेत. तो प्राणी यांपैकी काहीच नाही. आपल्याच निर्मात्याने घडवलेला तो एक सोबती आहे, आणि सोबत्याशी नाते जोडायचे तर आपला वाटा थोडा कमी घ्यावा लागतो.